डंपरचालकाचा सत्कार

माणसाचा हात डंपरच्या हौद्याच्या कडेवर दाबून धरला आणि त्यावर मागचा लोखंडी फाळका आदळला, की हाडं मोडल्याचा आवाज येत असणार. प्रीतमला तो आला नाही, कारण इंजिन मुद्दाम चालू ठेवलं होतं. दोघांनी त्याला मागून आवळलं होतं, तिसऱ्यानं मनगट धरलं होतं आणि चौथ्यानं फाळका मारला. एकदा मारून काम झालं नाही म्हणून पुन्हा मारला. मग त्याच चौघांनी त्याला रिक्षात घातलं, डोंबिवलीतल्या एका दवाखान्यात नेलं आणि फाळका निसटून अपघात झाला असं डॉक्टरांना सांगून टाकलं. चोर तो चोर, वर शिरजोर अशी म्हण आहे. इथले चोर त्याच्याही पुढचे, ते उपकारसुद्धा करून गेले.

रसिका धावत दवाखान्यात पोहोचली, तोवर तिच्या भावाच्या उजव्या हाताची दोन बोटं काढून झाली होती. बाकीचा हात पांढऱ्या बँडेजमध्ये गुंडाळून छातीवर ठेवला होता. आई कलावती खाटेच्या पायाशी उभी होती. पोळीभाजी केंद्रातून उठून ती तशीच आलेली, बोटांना कणीक वाळून चिकटलेली. हवालदार आला, त्यानं विचारलं, आणि प्रीतमनं आपल्याच तोंडानं सांगितलं की फाळका निसटला, कुणाची तक्रार नाही. रसिकाला कळत होतं की हा खोटं बोलतोय. इतकी वर्षं डंपर चालवणारा माणूस फाळक्याखाली हात ठेवेल कशाला? ती त्याच्याकडे बघत राहिली, तर त्यानं तोंड भिंतीकडे वळवलं.

आणि हे सगळं कशामुळे, तर एका सत्कारामुळे. आपल्या लोकांना सत्काराचं फार वेड. गल्लीतला पोरगा दहावी सुटला, सत्कार. कुणी नवीन टेम्पो घेतला, सत्कार. पाहुणे उशिरा आले तर मधल्या वेळात काय करायचं म्हणून जो समोर दिसेल त्याचा सत्कार. शाल अंगावर पडली की माणूस फुगतो आणि देणाराही फुगतो, कुणाचं काही जात नाही. प्रीतमची दोन बोटं गेली.

रसिका एमएच्या दुसऱ्या वर्षाला होती, विषय भूगोल. बाप लवकर गेला, तेव्हा बारावी अर्धी टाकून प्रीतम गाडीवर चढला आणि ही शिकत राहिली. डोंबिवली पश्चिमेच्या त्या चाळीत पदवीच्या पुढे गेलेली मुलगी ती एकटीच. नौपाड्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर हवामान धोरणाचं एक अभ्यास केंद्र होतं. त्यांनी विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी म्हणून एक योजना काढली. निवडलेल्या मुलांनी ठाण्यापासून कल्याणपर्यंतचा खाडीकाठ पायाखाली घालायचा, पुढच्या काही वर्षांत कुठे कुठे पाणी शिरेल त्याचा नकाशा करायचा, आणि तो नकाशा नियोजन समितीपुढे जाणार. नकाशात जो भाग लाल, तिथे बांधकामाला परवानगी नाही. म्हणजे घरं कुठे बांधायची हे ठरवण्यात शिकणाऱ्या पोरांचा हात असणार होता. निवड झाल्याचं कळलं तेव्हा रसिकानं आईला उचलून गोल फिरवलं होतं.

तिच्या वाट्याला आला तिवरपाडा. नावाप्रमाणे तिथे एकेकाळी तिवरांचं रान होतं, भरतीचं पाणी त्यात शिरून जिरायचं. आता तिथे विटा, फरशा, तुटके संडास आणि खडी यांचा भराव होता आणि भरावावर सहदेवशेठच्या चाळी उठत होत्या. सहदेवशेठ म्हणजे त्या भागातलं बडं प्रस्थ. डंपर त्याचे, भराव त्याचा, चाळी त्याच्या आणि गणपतीत मंडपावरच्या कमानीही त्याच्याच. उपग्रहाच्या जुन्या चित्रात हिरवं दिसायचं, नव्या चित्रात राखाडी, पण भरावाखाली पाण्याच्या वाटा कुठे गाडल्या गेल्या ते वरून कसं दिसणार?

ते प्रीतमनं सांगितलं. बाळकुमला टॉवरसाठी जुनं पाडलं की त्याचं डेब्रिज हाच तर शेठच्या डंपरनं तिवरपाड्याला आणून टाकायचा. जेवताना रसिकानं विचारलं आणि त्यानं ताटाभोवती पाण्याच्या बोटानं ओढे काढून दाखवले. इथे एक होता, तो आम्हीच बुजवला, इथे दुसरा. थोडी फुशारकीही मारली. आजवर त्याला कुणी काही विचारलं असेल तर खेप टाकून झाली का, एवढंच. बहीण वही घेऊन बसली आणि तो सांगतच सुटला. रसिकानं तिथे जाऊन चार वेळा पाहणी केली, भरतीच्या वेळी पाणी कुठून झिरपतं ते बघितलं, आणि नकाशात तिवरपाडा लाल झाला.

अहवालात तिनं नुसतं ‘एक डंपरचालक’ असं लिहिलं होतं. माहिती देणाऱ्याचं नाव उघड करायचं नाही, हा संशोधनाचा पहिला नियम केंद्राचे प्रमुख रवींद्र सरांनीच तिला शिकवला होता. पण नियम असतो कागदावर आणि सत्कार असतो रक्तात. ठाण्यात एका सभागृहात कार्यक्रम ठरला, तेव्हा तेच रवींद्र सर म्हणाले की ज्यांनी माहिती दिली त्यांचा यथोचित सन्मान व्हायलाच हवा, नुसतं घ्यायचं आणि विसरायचं हे आपल्याला शोभत नाही. सगळ्या मुलांनी नावं दिली. रसिका क्षणभर चरकली, नाही असं नाही. पण लगेच तिला आई दिसली, पहिल्या रांगेत, पांढरी साडी नेसलेली. बक्षिसं घेताना आईनं आजवर फक्त तिला बघितलं होतं. तिनं भावाचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात दुसऱ्याचा होता.

प्रमुख पाहुण्यांची गाडी घोडबंदरला अडकली होती, म्हणून सत्कार आधी उरकले. निवेदकाला विशेषणं लावायची दांडगी हौस. तिवरपाड्याच्या बेकायदा भरावाची बहुमोल माहिती देणारे धाडसी डंपरचालक श्री. प्रीतम, असं त्यानं माईकवरून म्हटलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला प्रीतम लाजत मंचावर गेला. कलावतीनं दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या रांगेत, परिसरातले मान्यवर म्हणून बोलावलेले सहदेवशेठ बसले होते. त्यांच्या टाळ्या सगळ्यात शेवटी थांबल्या.

फाळका त्याच आठवड्यात निसटला.

सहदेवशेठ दवाखान्यात शहाळी घेऊन आले. थोराड अंगाचा, हळू बोलणारा माणूस, गळ्यात दोरीला लावलेला चष्मा. आधी कलावतीच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी केली, मग शहाळं फोडून आणायला म्हणून तिला गोडीनं बाहेर पाठवलं. ती दाराबाहेर गेल्यावर ते खाटेवर टेकले आणि प्रीतमच्या बँडेजवर आपला तळवा ठेवला. बघणाऱ्याला वाटावं, मायेनं ठेवलाय.

“रसिका, तू शिकलेली पोरगी,” ते म्हणाले आणि तळवा दाबायला लागले. “तुमचा नकाशा समितीपुढे जायचाय अजून. त्यात आमचा एवढासा तुकडा लाल. तो नसला तर तुझी डिग्री काय थांबणार नाय. ह्याला अजून एक हात आहे, आईला दोन आहेत. मी शांत माणूस आहे, पण माझी पोरं लय गरम आहेत.”

ते बोलत होते आणि बँडेजवर लाल डाग पसरत होता. प्रीतमच्या कपाळावरून घाम कानात उतरत होता, गळ्याच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या होत्या, पण त्यानं हूं की चूं केलं नाही. आई बाहेरच होती, तिच्या कानावर आवाज जायला नको होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो रसिकानं त्या खाटेवर समोरासमोर बघितला. प्रीतम तिच्याकडे बघून मान हलवत होता. नाही, नाही, असं. ओरडू नकोस, याच्या वाटेला जाऊ नकोस, असंच तो सांगतोय, असं तिला वाटलं. कलावती शहाळं घेऊन आत आली तशी शेठनी तळवा उचलला, पोराला जपा म्हणून सांगितलं आणि निघून गेले. जाताना हात रुमालाला पुसले.

रसिका नौपाड्याला गेली आणि रवींद्र सरांना सगळं सांगितलं. सर चांगले होते, त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले, खूप वाईट झालं असं दोन-तीनदा म्हणाले. पण पोलिसांत जायचं की नाही हा कुटुंबाचा प्रश्न आहे, आणि केंद्र ही शैक्षणिक संस्था आहे, हेही म्हणाले. मग त्यांनी हळूच सुचवलं की संशोधनालाही मर्यादा असतात, एखाद्या जागेपुरतं ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’ असं लिहिता येतं, त्यात खोटं काही नसतं. रसिकाला संताप आला. या वाक्याखाली किती गावं बुडाली असतील, असं तिच्या मनात आलं. ती खाली उतरली आणि तिथूनच तिवरपाड्याला निघाली. तिला आणखी फोटो हवे होते, एवढे की कुणी तो तुकडा पुसूच शकणार नाही.

दुपारची वेळ होती, ओहोटी लागलेली. भरावाच्या टोकाला उभं राहून ती फोटो काढत होती, तेवढ्यात मागून तिघे आले. एकानं फोन हिसकावून चिखलात भिरकावला. दुसरा म्हणाला की आम्ही पोरीबाळींच्या अंगाला हात लावत नाही. आणि खरंच नाही लावला, त्यानं लाथ घातली. ती भरावावरून घसरत खाली खाडीच्या काळ्या गाळात पडली. उठायला गेली तर मानेवर बूट आला.

“पाणी कुठपर्यंत येतं बघायचंय ना तुला? बघ मग.”

गाळ नाकात शिरला, तोंडात शिरला. खारट, कुजका, गिळवेना आणि थुंकवेना. तिनं हात आपटले तर हातही रुतले. डोक्यात ठोके पडायला लागले आणि आपण आता मरणार, इथेच, एवढ्याशा गाळात, हे तिला अगदी स्वच्छ कळलं. कुणीतरी केस धरून तोंड वर ओढलं. एक श्वास घेतला न घेतला तोच पुन्हा दाबलं. वर कुणीतरी हसत होतं. एकदा वर ओढल्यावर तिला भरावावरच्या चाळी दिसल्या, दारात उभ्या बायका दिसल्या, आणि एकेक दार लागताना दिसलं. मग पुन्हा काळोख. शेवटी मानेवरचा बूट निघाला. बूटवाला खाली वाकून म्हणाला की पुढच्या वेळी आईला घेऊन ये, दोघींना एकदमच दाखवतो.

ते गेल्यावरही ती बराच वेळ ओणवी होऊन ओकत होती. एक दार किलकिलं झालं, एका बाईनं पाण्याची बादली बाहेर ठेवली आणि दार परत लावून घेतलं. रसिकानं त्या पाण्यानं तोंड धुतलं, केस धुतले. गाळ निघून गेला आणि अंगावर एक ओरखडासुद्धा राहिला नाही. पोरं हुशार होती. घरी तिनं पाय घसरून पडले असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बसून तिनं तिवरपाडा पुसला. संगणकावर तो तुकडा निवडायचा आणि एक कळ दाबायची, एवढंच. इतक्या महिन्यांची उन्हातली पायपीट, प्रीतमनं ताटाभोवती काढलेले ओढे, सगळं एका कळीत गेलं. पण खरं सांगायचं तर तिला मनातून सुटल्यासारखंही वाटलं. भावाचा दुसरा हात वाचला, आई वाचली. नकाशे काय, परत होतात. रवींद्र सरांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि तळटीपेत ते अधिक अभ्यासाचं वाक्य स्वतःच टंकलं.

समितीच्या बैठकीत आराखडा बिनविरोध मंजूर झाला. विद्यार्थ्यांना धोरणाच्या प्रक्रियेत सहभागी करून घेतल्याबद्दल केंद्राचं कौतुक झालं, तरुण पिढीबद्दल दोन भाषणं झाली, चहा आणि खारी झाली. बाहेर पडताना सहदेवशेठ भेटले. त्यांनी रसिकाच्या डोक्यावर हात ठेवून खूप शिक, असा आशीर्वाद दिला. तिला परत गाळाचा वास आला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कलावती रात्रीच्या पोळ्या लाटत होती. दवाखान्यातून घरी सोडलेला प्रीतम भिंतीला टेकून बसला होता, हात उशीवर. त्यानं दारातच विचारलं की झालं का, आणि तिनं सांगितलं की मंजूर झालं.

“आणि तिवरपाडा?”

रसिकाला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाशी ती कधी खोटं बोलली नव्हती.

“काढला,” ती म्हणाली.

प्रीतम भिंतीचा आधार घेत उठला. तो जवळ येतोय तो आपल्याला धीर द्यायला, असं तिला वाटलं, म्हणून ती पुढेच झाली. त्यानं डाव्या हातानं फाडकन तिच्या तोंडात मारली. डाव्या हाताला सवय नव्हती, फटका गालावर न बसता तोंडावर बसला आणि दातावर ओठ फुटला. ती कपाटावर आदळून खाली बसली. आयुष्यात त्यानं तिला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

“तुला काय वाटलं, माझी बोटं कशाला तोडली?” तो ओरडत नव्हता, त्याचा आवाजच निघत नव्हता. “सत्काराची शिक्षा म्हणून? नाय रसू. त्यांनी आधी मोबाइल धरलेला माझ्या तोंडासमोर. बोल, मी दारू पिऊन काहीपण सांगितलं, तिवरपाड्यात आपण एक पण खेप टाकली नाय. बोल आणि जा घरी, असं बोलले. मी नाय बोललो. मग फाळका मारला. परत मोबाइल धरला, आता बोल म्हणाले. तेव्हा पण नाय बोललो. म्हणून दुसऱ्यांदा मारला.”

रसिकाच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

“पोलिसाला खोटं सांगितलं ते तुझ्यासाठी. तू एकटी ठाण्याला जातेस-येतेस. पण ते नाय बोललो. एवढ्या माणसांत माझं नाव घेऊन वाचलेलं ते, आईसमोर. ते मी कसं खोटं करू? दवाखान्यात तुला मान हलवून सांगत होतो, नको, काढू नको. हात गेला तर गेला.” त्यानं बँडेज तिच्या डोळ्यांपुढे नाचवलं. “हा फुकट घालवलास तू माझा.”

आणि त्यानं परत हात उगारला. तेव्हा कलावती उठली. तिनं हातातलं लाटणं पोराच्या पाठीत घातलं, एकदा, मग परत, मग खांद्यावर. बहिणीवर हात टाकतोस, बहिणीवर, एवढंच ती बोलत होती. प्रीतम मार खात उभा राहिला, चुकवायलाही हलला नाही. मग कलावतीनं लाटणं फेकलं आणि स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यायला लागली. रसिकानं धावत जाऊन तिचे दोन्ही हात धरले. तव्यावरची पोळी जळून घरभर धूर झाला होता. सहदेवशेठ तिथे नव्हता, त्याचं काम मात्र त्याच्यावाचून नीट चाललं होतं. शेजारच्यांनी दार वाजवलं, कुणी उघडलं नाही.

धूर निवल्यावर रसिकानं गाळाचं सांगितलं. बूट, केस, बंद झालेली दारं, सगळं. सांगताना ती एकदाही रडली नाही. प्रीतमचा चेहरा ऐकता ऐकता पांढराफटक पडला. तो वाकला, खाटेखालून चाक खोलायची लोखंडी टॉमी ओढून काढली आणि चपला न घालताच दाराकडे निघाला. कलावती दारात आडवी झाली. तू आधी मला मार आणि मग जा, असं म्हणाली.

“दादा, ती खाली ठेव,” रसिका म्हणाली. “डाव्या हातानं तुझ्याच्यानं कुणी मरायचं नाय आणि तू मात्र मरशील. सकाळी माझ्याबरोबर चौकीला चल.”

“चौकीला काय सांगणार? नकाशा तूच पुसलास.”

“तेच सांगणार.”

टॉमी त्यानं बराच वेळ सोडली नाही. मग ती हातातून गळून पडली आणि तो तिथेच उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडला. रसिका त्याच्या शेजारी बसली. तिचा ओठ सुजून नाकाला लागला होता. त्यानं त्याकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली.

सकाळी तिनं रवींद्र सरांना फोन करून सांगितलं की तिवरपाडा मी दबावाखाली काढला, तसं समितीला लिहून कळवतेय. सर म्हणाले की मग तुझं प्रमाणपत्र माझ्या हातात राहणार नाही, आणि कदाचित पुढच्या संशोधनाचा प्रवेशही नाही. ती हो म्हणाली आणि फोन ठेवला.

चौकीत दवाखान्यात आलेला तोच हवालदार होता. त्यानं आधी रसिकाच्या तोंडाकडे बघितलं आणि पेन उचललं. त्याला स्वतःलाही मुलगी असावी. तो खालच्या आवाजात म्हणाला की सहदेवशेठच्या पोरांनी केलं असेल तर नुसतं हो म्हण, मुलीच्या अंगावर हात टाकलाय आणि खूण समोर दिसतेय, हे मी आत्ता लिहून घेतो, वरूनही कुणी अडवणार नाही. प्रीतम शेजारच्या बाकावर बसला होता. तो जमिनीकडे बघत राहिला.

रसिकाला मोह झाला. का होऊ नये? त्या पोरांनी तिला जिवे मारत आणलं होतं आणि त्याची खूण नव्हती, आणि जी खूण होती ती त्यांची नव्हती. एक हो म्हटलं की सगळं सोपं होणार होतं. हवालदार पेन धरून थांबला होता.

“हे त्यांनी नाही केलं,” ती म्हणाली. “हे घरचं आहे, ते लिहू नका. त्यांनी मला गाळात दाबलं, त्याची खूण नाही. माझ्या भावाचा हात फाळक्याखाली ठेवून मोडला, त्याची आहे. आणि नकाशा मी पुसला, ते माझ्या नावानं लिहा. आधी ते लिहा.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. मुली, यात पहिली तूच अडकशील, असं त्यानं तिला समजावलं, दोनदा समजावलं. ती हलली नाही. शेवटी त्यानं सुस्कारा टाकला, कागद पुढे ओढला आणि लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर रसिकानं सही केली. मग हवालदारानं कागद प्रीतमपुढे सरकवला, आणि त्याचं बँडेज बघून सोबत शाईचा पॅडही सरकवला. अंगठा दे, चालतो, म्हणाला.

प्रीतमनं पॅड बाजूला केला. त्यांच्या घरात आज्यानं अंगठा दिला होता, तो शेवटचा. बाप रात्रशाळेत जाऊन सही शिकला होता. प्रीतमनं पेन डाव्या हातात धरलं आणि कागदावर वाकला. पहिलं अक्षर ओळीच्या खाली घसरलं. हवालदारानं घड्याळाकडे बघत म्हटलं की अरे, अंगठा दिलास तरी भागतं, बाहेर लोक थांबलेत.

“थांबू द्या त्यांना,” रसिका म्हणाली. “लिहू द्या त्याला.”